ते २० टक्के कोणी खाल्लेले नाहीत!

‘विंडोज तुमचं २० टक्के इंटरनेट राखून ठेवतं, वेग वाढवायचा तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) जाऊन तिथे शून्य टाका.’ विंडोज एक्सपीच्या काळापासून हे ऐकतोय, आता खरंच डोकं उठलंय. अरे, ती मर्यादा फक्त क्यूओएस, म्हणजे आपल्या डेटाला प्राधान्य, मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असते. कोणी मागितलंच नाही, तर सगळी बँडविड्थ सगळ्यांना मोकळीच असते!

मग म्हणे डीएनएस बदला. डीएनएस फक्त साइटच्या नावावरून पत्ता शोधून देतं. पान उघडायला सुरुवात जरा लवकर होईल, पण मोठी फाइल उतरायचा वेग त्याने कसा वाढणार?

सगळ्यात संताप येतो तो टीसीपी ऑटोट्यूनिंग (एका दमात किती डेटा घ्यायचा हे विंडोज स्वतः ठरवतं, ती सोय) बंद करायच्या सल्ल्याचा. वेगवान कनेक्शनवर त्याने डाउनलोड उलट मंदावतं. आमच्या घरच्या लॅपटॉपवर कोणीतरी नेमकं तेच करून ठेवलं होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिसेबल्ड’ दिसलं, परत ‘नॉर्मल’ केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

आधी केबल लावून वेग मोजा ना! केबलवर ठीक आणि वायफायवर रडतंय, तर दोष बहुतेक मधल्या भिंतींचा, नाहीतर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच्या गर्दीचा. राउटर कपाटामागून बाहेर काढा, ५ गिगाहर्ट्झवर या. केबलवरही वेग १०० एमबीपीएसच्या आतच अडकतोय? लिंक स्पीड (कॉम्प्युटर आणि राउटरमध्ये जुळलेला वेग) बघा, केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असू शकते. आणि सेटिंगच बदलायची खाज असेल, तर विंडोज अपडेटचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा. तुमच्या लाइनवरून ते दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरना अपडेट पाठवत बसू शकतं.