म्हणे, 'बिनधास्त फॉरमॅट करा, डेटा परत येतो'!

मावशीने फॉरवर्ड पाठवून वर विचारलं, "काय रे, दाबू का?" तिच्याकडे लेकीच्या लग्नाची हार्ड डिस्क आहे, फोटोग्राफरने मॅकवरून भरून दिलेली. घरी लॅपटॉप विंडोजचा. फॉरवर्डचं म्हणणं असं: डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करा' असं आलं तर आत व्हायरस आहे, तो मुळापासून जावा म्हणून 'क्विक' (झटपट फॉरमॅट) या पर्यायाची खूण काढून फॉरमॅट करा, डेटा नंतर फुकटच्या सॉफ्टवेअरने परत येतो, मॅक-विंडोजच्या डिस्क एकमेकांत उघडतच नाहीत, म्हणून सगळं फॅट३२ वर (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) ठेवा.

व्हायरसचं आधी उरकतो. डिस्क ठणठणीत असू शकते. मॅकची डिस्क बहुधा एचएफएस प्लस किंवा २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएस या फायली मांडायच्या मॅकच्या पद्धतीची असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट सुचवतं. 'कॅन्सल' दाबा, काही बिघडत नाही.

आता तो 'क्विक'ची खूण काढायचा सल्ला. हे लिहिणाऱ्याला हात जोडावेत की कान धरावा? मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय की विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग सॉफ्टवेअर फुकटचं आणा नाहीतर लाखाचं, हाती काय लागणार? खूण तशीच ठेवली तर, बरं, एवढं मान्य, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर फोटो लगेच पुसले जात नाहीत. कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदी तेवढ्या जातात. पण परत मिळवताना फायलींची नावं आणि फोल्डर बऱ्याचदा मिळत नाहीत. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, सगळा एकच ढीग. तुकड्यांत साठलेला व्हिडिओ तर चालेल याची खात्री नाही. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही ती जागा आतून साफ होऊ शकते. तिथे सगळंच संपलं.

'उघडतच नाहीत' हेही अर्धवट. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, फक्त तिच्यावर लिहीत नाही. उलट बाजूने, एचएफएस प्लस वाचायला विंडोजवर एचएफएसएक्सप्लोरर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. नाहीतर ओळखीतला मॅक गाठा आणि कॉपी करून घ्या.

फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही, लग्नाच्या व्हिडिओचं काय करणार? दोन्हीकडे चालायला हवं तर एक्सफॅट पद्धत घ्या; मॅकवर ते २०१० पासून चालतं. फोटोग्राफरला नवी डिस्क देतानाच तसं सांगा, भरलेल्या डिस्कवर हा प्रयोग नको.