दोन स्टार दिलेल्या दादांना उत्तर, पिल्लू का दिलं नाही ते

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की आम्ही लॅब्रॅडॉरच्या (लॅबच्या) पिल्लाचे दुप्पट पैसे सांगतो, वरून ढीगभर प्रश्न विचारतो, तुमच्या लेकरांना पिलांना हात लावू दिला नाही, बाप दाखवला नाही, चाळीस दिवसाचं झालेलं पिल्लू तयार असून नाही म्हटलं आन शेवटी तुम्हाला दुसरीकडं निम्म्या पैशात मिळालं, सोबत कॅल्शियमची बाटली पण फुकट. पिल्लू घरी आलं ते चांगलंच झालं. पण तुमचा रिव्ह्यू वाचून बाकीचे लोक पण ठरवणार म्हणून सगळं सांगायलो, जरा लांबेल.

चाळीस दिवसाचं आधी. केंद्र सरकारचे 2017 चे डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत, आठ आठवड्याच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही असं त्यात लिहिलंय, म्हणजे 56 दिवस. नियम नसता तरी मी दिलं नसतं. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं दिवसभर एकमेकांना चावत खेळतात, एकानं जोरात चावलं की दुसरं ओरडतं आन खेळ सोडून जातं, आई पण गुरकावते, तिथंच त्याला कळतं दात किती लावायचा ते. उद्या हे तीस किलोचं होणार, घरात लहान लेकरं, हे शिकणं अर्धवट ठेवून मी कसं देऊ सांगा.

हात लावू दिला नाही कामून, तर तुम्ही त्याच दिवशी सकाळी आणखी एका ठिकाणची पिल्लं बघून सरळ आमच्याकडं आला होता, बोलताना तुम्हीच सांगितलं. पार्वो म्हणजे पिलांचा जीव घेणारा जुलाब-उलटीचा व्हायरस, तो चपलेवरून, कपड्यावरून, हातावरून येतो, जमिनीत महिनोन्महिने राहतो, साध्या फिनाईलनं मरत नाही, ब्लीच लागतं. पिलांचा तेव्हा लसीचा पहिलाच डोस झालेला, आन आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बरोबर त्याच वयात उतरत असते. एकाला झालं तर अख्खं वेत जाऊ शकतं. म्हणून चपला बाहेर, हात धुवा आन लांबून बघा, हे आम्ही पाव्हण्यारावळ्याला पण सांगतो.

बाप दाखवला नाही कारण तो आमचा नाहीच, हैदराबादचा आहे. त्याचे फोटो, एक्सरे, केनेल क्लबचे (कुत्र्याच्या वंशाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) पेपर सगळं तुमच्यापुढं ठेवलं होतं. लोकांना वाटतं नर-मादी दोन्ही दारात बांधलेले दिसले म्हणजे खरं, पण उलट विचार करा, दर वेळी घरचाच नर लावायलेत म्हणजे जोडी बघून केली का जवळ होता म्हणून केली? आई मात्र बघाच, जिथं पण जाल तिथं. आई दाखवत नसतील, रोडवर गाडीत आणून देतो म्हणत असतील तर परत फिरा.

आता पैशाचं. मोठ्या जातीत सगळ्यात मोठा घोर खुब्याचा, हिप डिस्प्लेसिया. पिल्लू जन्मतं तेव्हा काहीच दिसत नाही, खुबा वाढता वाढता सैल पडतो आन वर्षा-दीड वर्षाचं कुत्रं उठताना कण्हायला लागतं. हे बरंचसं आईबापाकडून येतं. म्हणून आम्ही मादी दोन वर्षाची होईस्तोवर थांबतो, भूल देऊन खुब्याचा आन कोपराचा एक्सरे काढतो, चांगला आला तरच पुढं. खराब आला तर ती आमच्या घरी नुसती कुत्री म्हणून राहते, एकही पिल्लू न देता, तिचं खाणं-औषध चालूच. वर्षातून एकच वेत, म्हणजे मधला एक हीट (माजावर यायचा काळ) सोडायचाच. निम्म्या किमतीत हे बसत नाही दादा. एक्सरे चांगला म्हणजे गॅरंटी असं मी कुणालाच सांगत नाही, चांगल्या आईबापाला पण एखादं खराब होऊ शकतं, पण धोका लई कमी होतो. आन नुसते पेपर बघून भुलू नका, पेपरवरून वंश कळतो, खुबा कळत नाही. पेपरवरचा आन पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर एकच आहे का तेवढं मशीन लावून बघून घ्या.

प्रश्न मी विचारतो आन विचारणारच. कितव्या मजल्यावर राहता, फरशी गुळगुळीत आहे का, मे महिन्यात दुपारी कुत्रं कुठं असेल, पत्र्याखाली का घरात, तुम्ही गावाला गेलात तर कोण बघेल. आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, लॅबच्या अंगावर दुहेरी केस. शेतावर राखणीला मोकळं पाहिजे म्हणणाऱ्याला मी लॅब देतच नाही, त्याला सांगतो आपल्याच लातूरकडचा कारवान जातीचा कुत्रा बघ, इथल्या उन्हातला आहे. आन करारात लिहिलंय की सांभाळणं झालं नाही तर कुत्रं आम्हालाच परत द्या, कितीही वर्षांनी, ती अट तुम्हाला जाचक वाटली. मला वाटतं ज्या विकणाऱ्याला कुत्रं परत नको असतं तो काहीच विचारत नाही.

आता तुमच्या पिल्लाचं, हे नीट वाचा. ती कॅल्शियमची बाटली बंद करा. आपल्याकडं समज आहे की मोठं कुत्रं म्हणजे हाडाला कॅल्शियम पाहिजे, पण मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंच शोषलं जातं आन हाडं वाकडी होतात. मोठ्या जातीच्या पिल्लाचं चांगलं फूड असेल तर त्यात मापात असतंच. गुबगुबीत करू नका, बरगडी हाताला लागली पाहिजे. जिने चढउतार नको, फरशीवर चटई टाका. लसीचे डोस सोळा आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्याला, रेबीजचा तीन महिन्याला, तोपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका. पाच-सहा महिन्याचं झाल्यावर पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकत असेल, का बसून उठायला वेळ लावत असेल तर थांबू नका, उदगीरला नाहीतर परभणीला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथं दाखवा.

पिल्लू आमचं नाही म्हणून फोन करायला संकोच करू नका. नंबर तोच आहे, संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा मी शेतात असतो.