आमच्या पूर्वजांची दप्तरे कुलपात का?

कुळाचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाच्या दारात पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे, ‘जातीच्या दाखल्यासाठी हवे आहे का?’ नाही म्हणून सांगितले, पणजोबांना भावंडे किती होती, ते कोणत्या साली वारले, एवढेच जाणून घ्यायचे आहे असे म्हटले, की अर्ज बाजूला सरकवला जातो. आपल्याच माणसांची माहिती मागणाऱ्या नागरिकाने प्रयोजन सिद्ध का करावे, याचे उत्तर मला आजवर कोणीही दिलेले नाही.

मी मागत होतो तो गाव नमुना नंबर 14, म्हणजेच ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही. महिनाभराने हाती उत्तर पडले: ‘अभिलेख जीर्ण झाल्यामुळे नक्कल देता येत नाही.’ तो जीर्ण होऊ कोणी दिला? गळक्या छताखाली, लाल रुमालात बांधलेले गठ्ठे जमिनीवर रचून ठेवायचे, वाळवीने खाल्ले की जीर्ण म्हणून शिक्का मारायचा आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, हा प्रकार संतापजनक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 सालचा आहे आणि त्यात शिक्षेचीही तरतूद आहे. पण वाळवी लागलेल्या दप्तरासाठी कोणाला जाब विचारला गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

शेजारच्या गावची वही सुदैवाने शाबूत निघाली, पण ती जुन्या मोडी लिपीत लिहिलेली आणि कार्यालयात मोडी वाचणारे कोणीही नाही. पदरचे पैसे देऊन वाचक नेला, तेव्हा कुठे ‘राणू बिन भिवा’, म्हणजे भिवाचा मुलगा राणू, ही नोंद सापडली. तीत आडनाव नव्हते, कारण त्या काळी ते बहुतेक वेळा लिहीतच नसत. त्याच्या मुलीच्या जन्माच्या ओळीत नावाची जागा कोरी होती आणि फक्त ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले होते. ती मुलगी माझ्या आजोबांची बहीण असावी, पण तिचे नाव आता कोणालाच कळणार नाही. अशा नोंदी आडनावाने शोधून कशा सापडणार?

संकेतस्थळावर स्कॅन केलेले जमिनीचे अभिलेख पाहावेत, तर तिथे गट किंवा सर्व्हे नंबर आधी ठाऊक हवा. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्याखाली ज्या गावांत विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याची योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारे पत्रक मिळवण्यासाठी पुन्हा दुसऱ्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. एवढे करून उघडलेल्या पानाची बांधणीकडची बाजू स्कॅनमध्ये आलेलीच नसते, आणि नेमकी खातेदाराची नावे तिथेच असतात.

हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभरातील कार्यालयांनी आपापली दप्तरे उघडली, मोडी जाणणारे बोलावले, मराठवाड्यात उर्दू जाणणारेही बोलावले, आणि अल्पावधीत लाखो नोंदी पुढे आल्या. ते काम आवश्यकच होते. पण पान न पान डोळ्यांखालून जात असताना त्याच पानावरच्या बाकीच्या नावांची सूची का केली नाही? ती संधी दवडली याचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण तेच गठ्ठे पुन्हा सोडायचे तर कागदाचे आणखी तुकडे पडणार.

प्रत्येक तालुक्याला मोडी वाचणारा पगारी कर्मचारी द्या, स्कॅन झालेल्या पानांची नावानिशी सूची करा, आणि ‘शोध घेतला, नोंद आढळून आली नाही’ असे लिहून देताना कोणते रुमाल सोडून पाहिले त्यांचे क्रमांक त्याच कागदावर सहीनिशी लिहा.