जुनी बोट घ्यायचीच आहे ना, मग नीट फसून घ्या

सगळ्यात आधी गाव बरोबर निवडा. समुद्राकाठी राहून जुनी बोट घेण्यात काय मजा आहे, तिथे शेजारचा नाखवा येतो, एक फेरी मारतो आणि सांगून टाकतो की हिला हात लावू नको. तुम्ही इंदूर बघा. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर, गावातली कान्ह नदी ओलांडताना नाकाला रुमाल, आणि प्यायचं पाणी नर्मदेवरून, जलूदहून ७० किलोमीटर पंपानं वर चढवून आणलेलं. ज्या गावात पाणीच घाट चढून येतं तिथे बोटीनं का येऊ नये, असं मला वाटलं होतं, तुम्हालाही वाटू द्या.

दुसरं म्हणजे डीलर लांबचा असावा, किनाऱ्याकडचा, म्हणजे परत जाऊन भांडायचा खर्च बोटीपेक्षा जास्त होईल इतका लांब. फोनवर पहिल्याच वाक्यात "दादा" म्हणणारा मिळाला तर सोडूच नका. माझा तर तिसऱ्या फोनला आईच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागला होता, आता अशा माणसाला मागचा मालक कोण, बोट विकली का, असलं विचारणं बरं दिसतं का?

यार्डात गेलात की वाकायचं नाही. बोट ट्रेलरवर उंच उभी असते, पॉलिश मारलेली, तिच्याकडे मान वर करून बघायचं, देवळाच्या कळसाकडे बघतात तसं. वाकलात तर बुडाला फायबरवर आलेले फोड दिसतात आणि मूड जातो. आणि टिचकी तर अजिबात मारू नका. आपण साधा माठ घेताना दहा माठांना टिचक्या मारतो, त्याची सवय असते हाताला, हात खिशात ठेवा. झालंय असं की इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात, ट्रान्सम म्हणतात तिला, तिच्यात बऱ्याचदा फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं की ते आतल्या आत कुजतं, पार शेण होतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. टिचकी मारली तर मात्र कळतं, चांगली फळी टण वाजते, कुजलेली बद्द. माझ्या बोटीच्या नेमक्या त्या फळीवर, इंजिनच्या बोल्टांच्या दोन बोटं खाली, एक कोरं करकरीत स्टिकर होतं, लाटेवरून उडी मारणारा डॉल्फिन. बोट पंधरा वर्षांची आणि डॉल्फिन परवाचा. मी म्हटलं, वा, मालकानं किती हौसेनं ठेवलीये.

इंजिन चालू करून दाखवा असं म्हणायचं, तेवढा हक्क आहे आपला, पण पुढे बोलायचं नाही. आउटबोर्ड, म्हणजे असं मागे टांगलेलं इंजिन, बाहेरचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं, आत पाणी ओढणारा रबराचा पंखा असतो, इंपेलर, तो कोरडा फिरला की करपतो, म्हणून जमिनीवर चालवायचं तर नळाचा पाइप लावायच्या रबरी वाट्या मिळतात. त्या लावल्या की इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते, ती धार बघायची असते. डीलरनं वाट्या नाही की पाइप नाही, सरळ किल्ली फिरवली, दहा सेकंद घर्रर्र आणि बंद. "ऐकलंत ना दादा, मख्खन." मीही मान डोलावली, जशी मैफलीत न कळणाऱ्या रागाला डोलावतो. घरी आल्यावर खालच्या गिअरचा स्क्रू काढला तर तेल पांढरट आणि दाट, थेट आपली इंदुरी शिकंजी (बाहेरच्यांनी गैरसमज नको, आमची शिकंजी लिंबाची नसते, दुधाची असते). तेल असं दिसलं की समजायचं आत पाणी शिरलंय. म्हणजे त्या इंजिनात पाणी होतं, फक्त जिथून जायला हवं तिथून गेलेलं नव्हतं.

एकदा पाण्यात घालून दाखवा, असं मेव्हणा म्हणाला होता. मीच त्याला गप्प केलं. आपल्यात म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, म्हणजे जनावर पाण्यात असताना, नीट न बघताच, बाहेर भाव ठरवणं, तसं करू नये. आम्ही बोट बाहेरच बघत होतो, भावही बाहेरच करत होतो, आजोबा असते तर शाबासकी दिली असती.

ट्रेलरकडे मुळीच बघू नका. तो फुकटात आहे असं डीलर सांगतो, आणि फुकटच्या ट्रेलरच्या टायरवर शेवटी चार आकडे असतात ते तर वाचूच नका. माझ्या टायरवर ३५०९ होतं, म्हणजे २००९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी मात्र एकदम नवी, कारण गाडी चाललीच नव्हती, एका जागी उभी राहून रबर तडकलं होतं. बेअरिंगचं आणखी वेगळं. ट्रेलर बोटीसकट पाण्यात मागे नेतात ना, तेव्हा चाकाचा मधला भाग, हब, गरम असताना थंड पाण्यात बुडालं की आत पाणी खेचतं, ग्रीस वेळेवर बदललं नाही तर बेअरिंग गंजतं. हे ज्ञान मला बिजासन घाटात झालं, आग्रा-मुंबई रोडवर, रात्री साडेअकराला, मेव्हण्याच्या बोलेरोमागे चाकातून धूर यायला लागला तेव्हा. खाली उतरून हबला हात लावला. तुम्ही लावू नका, हा एक सल्ला मी खराच देतोय, तळहातावर अजून डाग आहे. सेंधव्याचा ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला मिस्त्री सकाळी आला, हातोडीनं बेअरिंग काढलं तर त्याचा भुगाच खाली पडला, तो बोटीकडे बघून म्हणाला, "भिया, इसको नदी से ले आते ना।"

त्याच्या आधी महाराष्ट्राच्या हद्दीत एका हवालदारसाहेबांनी थांबवलं होतं. "नाव काय?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, नावच आहे." ते काही हसले नाहीत. ट्रेलरची आरसी मागितली, कारण मोटर वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा वाहनच, त्याची नोंदणी वेगळी. डीलर म्हणाला होता पेपर कुरिअर केलेत. इंजिनवाल्या बोटीलाही नोंदणी लागते, त्यासाठी २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे, १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला. कुरिअर अजून यायचंय. मला वाटतं ते बोटीनं निघालं असावं.

बिल मात्र मिळालं, त्यावर एकच ओळ टाइप केलेली, "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे". मी ती भावुक होऊन वाचली होती, कवितेची ओळ वाटली. आता फोन केला की डीलर तीच ओळ मला म्हणून दाखवतो, चालीत. हल्ली तो दादा म्हणत नाही, "सर" म्हणतो, आईचे गुडघे तर विसरलाच.

एवढं सगळं करून बोट सोडायची कुठे हा प्रश्न शेवटी विचारा, आधी विचारलात तर व्यवहार मोडतो. आमच्याकडचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर, दोन्ही २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, तिथे पक्षी येतात, माझी बोट कोण येऊ देणार, आणि न येऊ देणं बरोबरच आहे. भोपाळच्या मोठ्या तलावातल्या मोटरबोटी आणि क्रूझ तर २०२३ मध्ये हरित न्यायाधिकरणानं बंद करायला लावल्या. तेव्हा बोट राजेंद्रनगरात आमच्या गल्लीत, कडुलिंबाखाली. काकू येता जाता विचारतात, "काय रे, भरती आली का?"

पाण्यात गेली नाही असं मात्र म्हणू नका. रंगपंचमीला मोठी माणसं राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला गेली आणि गल्लीतल्या पोरांनी नळाचा पाइप लावून बोट काठोकाठ भरली, चार पुड्या गुलाबी रंग टाकला, आणि आठ-दहा जण आत. मी आलो तर ओरडणार होतो पण पोरं इतकी खूश होती की मीच चप्पल काढून चढलो, पैसे भरल्यापासून पहिल्यांदा. अर्ध्या तासानं पाणी गुडघ्याखाली आलं. तळाचं बूच तपासलं, घट्ट होतं. मग खाली उतरून मागे गेलो, या वेळी वाकलो. डॉल्फिनच्या पोटाखालून गुलाबी धार लागली होती, बारीक, सरळ, न तुटता, इंजिनातून यायला हवी होती अगदी तशी.