अस्वल माझं, वाघ दादाचा

माझ्या शनिवारचे दुपारचे चार म्हणजे दादाच्या रात्रीचा दीड. शेतीपंपाची लाईट आठवड्याआड रात्रपाळीला येते. त्या आठवड्यात दादा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरजवळच्या आमच्या उसात दारं धरत असतो आणि मी न्यू जर्सीतल्या कुठल्या तरी स्टेट पार्कात, पाठीला सॅक लावून चढण चढत असतो. दोघंही एकटे, म्हणून फोन होतो. तो स्पीकर लावून ठेवतो आणि मला सांगतो, “बोलत राहा, काहीही बोल.” आवाज चालू असला की वाघ जवळ येत नाही म्हणतात. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. बिबट्या हा शब्द वनखात्याचा आणि पेपरवाल्यांचा.

घरापासून तासाभरावर हाय पॉइंट स्टेट पार्क आहे. नाव भारदस्त, उंची 1,803 फूट. म्हणजे या राज्याचं सर्वांत उंच टोक शिवनेरीच्या जेमतेम निम्मं. हे सांगितलं तेव्हा दादा इतका हसला की पलीकडच्या बांधावरचा माणूसही काय झालं म्हणून विचारायला लागला. माथ्यावर 220 फुटांचा दगडी स्मारकस्तंभ आहे, तिथून न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया अशी तीन राज्यं दिसतात. बाकी डोळे दिपवणारं काही नाही. ओकची झाडं, खडक, एक तळं. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट याच पार्कातून जाते. तिच्या खुणा म्हणजे झाडांवर रंगवलेले दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे, इतके सरळसाधे की सहा वर्षांचं पोरही वाट चुकत नाही.

मला हेच आवडतं. आमचे इथले काही मराठी मित्र वर्षातून एकदा यलोस्टोनला जाऊन येतात आणि पुढचं वर्षभर फोटो दाखवतात. मला मात्र दर आठवड्याला जाता येईल असं, थोडं कंटाळवाणं जंगल हवं असतं. जिथे संडास स्वच्छ असतो, फाट्यावर नकाशा असतो, गळ टाकून बसलेला म्हातारा ओळखीचं हसतो. संध्याकाळी घरी आलं की मोजे काढून पायांवर गोचीड चिकटलाय का ते बघायचं, कारण इथे लाइम डिसीज गोचिडातूनच होतो. माझ्या जंगलातली रोजची भीती एवढीच.

आणि अस्वल. ट्रेलवरच्या निवाऱ्यांजवळ लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात, खाण्याचं सामान त्यांत ठेवायचं. आमच्या गल्लीतही कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर काढायचा नाही, सकाळीच काढायचा. अस्वलाला खाऊ घातलं तर हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दोन वर्षांपूर्वी एक अस्वल आमच्या अंगणात येऊन शेजाऱ्यांचा पक्ष्यांच्या दाण्याचा डबा उपडा करून गेलं. बायकोने आतून ताट बडवलं, त्याने ढिम्म लक्ष दिलं नाही. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी टाळ्या आणि हृदयं पाठवली. दादाने लिहिलं, “तुझं अस्वल कचरा खातंय. आमच्यात बदली करून घे.”

मग 2025चा ऑक्टोबर आला. शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जण बिबट्याच्या हल्ल्यात गेले, त्यांत दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बायका गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. तो फोटो जगभर फिरला आणि आमच्या इथल्या मराठी ग्रुपवरही आला. त्याखाली लगेच नेहमीचं वाक्य होतं: बिबट्या तिथे आधीपासून आहे, अतिक्रमण माणसाने केलंय.

हे वाक्य मीही पूर्वी पुढे ढकललेलं आहे. आता ढकलवत नाही. आमच्या भागात कुठल्या जंगलावर अतिक्रमण झालं? माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. बारा महिने दाट, गार, पाण्याजवळचा आडोसा. कुत्री, शेळ्या, डुकरं हाताशी. मादी उसात विते, पिल्लं उसालाच जंगल समजून वाढतात. आजोबांच्या काळात तिथे ना ऊस होता, ना उसातला वाघ. धरणाच्या पाण्यामागून दोघंही आले.

उपायांचीही तीच गत. उचला आणि लांब सोडा, ही मागणी दर वेळी होते. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये त्याचा हिशेब मांडला. त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी न होता वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले होते. हे दादाला सांगितलं तर तो म्हणतो, “मग सोडू नका ना. ठेवा पिंजऱ्यात.” ठेवणार किती? माणिकडोहचं निवारा केंद्र त्यासाठीच आहे आणि त्याला भिंती आहेत. आता नसबंदी, वन्यजीव कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूची एकमधून वगळणं, दिसेल तिथे गोळी असे वाद चालू आहेत. नसबंदी करून पाहायला माझी हरकत नाही. गोळीच्या बाबतीत आम्हा भावांचं जमत नाही.

वाद इथेही आहे. 1970च्या सुमारास न्यू जर्सीत शंभराच्या आतच अस्वलं उरली होती. 1971 मध्ये शिकार थांबली, अस्वलं वाढली. 2003 मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली, मधे बंद पडली, 2022च्या डिसेंबरात परत सुरू झाली. आता राज्याच्याच अंदाजाने तीन हजारांच्या आसपास अस्वलं आहेत. शिकारीच्या दिवसांत एकीकडे बंदूकवाले आणि दुसरीकडे फलक घेतलेले निदर्शक. मी दोन्ही बाजूंचं ऐकलं आहे, दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. पण त्या वादात बोलणारी बहुतेक सगळी माणसं माझ्यासारखी, सुट्टीच्या दिवशी जंगलात जाणारी. 2014 मध्ये वेस्ट मिलफर्डच्या रानात एक विद्यार्थी अस्वलाच्या हल्ल्यात मेला, तो या राज्याच्या नोंदीतला असा पहिलाच मृत्यू. दीडशे वर्षांत एक. आमच्या तालुक्याच्या आसपास तीन आठवड्यांत तीन. मी अस्वलाकडे हौसेने चालत जातो आणि भीती वाटली तर पुढचा शनिवार घरी बसतो. दादाला उसाला पाणी द्यायचं की नाही हे ठरवता येत नाही. लाईट रात्री येणार असेल तर रात्री जायचं.

म्हणून आंबेगव्हाणच्या बिबट सफारीचं मला नवल वाटतं. जुन्नर तालुक्यात कुंपण घालून, तिकीट लावून बिबटे दाखवायचे. पर्यटन वाढेल, पोरांना काम मिळेल, हे सगळं खरं असेल. दादा म्हणाला, “आमच्या उसात फुकट दिसतो. पाठव तुझे पाहुणे, रात्री दीडला.” मी सफारीच्या विरोधात नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. वाघ बघायला येणाऱ्याची सोय आधी आणि वाघाशेजारी राहणाऱ्याची नंतर, हा क्रम उलटा आहे.

इथलं काही न्यायचंच असेल तर मी शिकारही नेणार नाही आणि स्मारकस्तंभही. पैसा कुठून येतो ते नेईन. 1961 मध्ये इथल्या मतदारांनी मोकळ्या जागा विकत घेण्यासाठी सहा कोटी डॉलरचं कर्ज काढायला मत दिलं, त्यातून ग्रीन एकर्स ही योजना सुरू झाली. पुढे 2014 मध्ये कंपन्यांवरच्या करातला ठरावीक वाटा याच कामासाठी राखून ठेवायचं कलम न्यू जर्सीच्या राज्यघटनेत घातलं, तेही मतदान घेऊन. देशपातळीवर 1937 पासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यप्राण्यांच्या कामाला जातो. म्हणजे अस्वल मारणाराही अस्वलाचा खर्च उचलतो. आपल्याकडे माणूस गेल्यावर भरपाई जाहीर होते, जाण्याआधीच्या कामाला पैसे नसतात. हे काम म्हणजे काय, तर दिवसा लाईट. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात न फेकता पुरणं. शाळेच्या वाटेवरचा ऊस दहा फूट मागे घेणं, आणि त्या दहा फुटांचे पैसे शेतकऱ्याला देणं. सफारीसारखं यातलं काही फीत कापून उद्घाटन करण्याजोगं नाही.

हे सगळं मी दादाला ऐकवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पाणी वळवल्याचा आवाज आला. “दिवसाची लाईट आण,” म्हणाला, “बाकीचं नंतर बघू.”

गेल्या दिवाळीत ओळखीच्या एकांबरोबर मी त्याला ट्रेकिंगचा हेडलॅम्प पाठवला होता. मी पहाटे हाय पॉइंटला सूर्योदय बघायला जातो तेव्हा वापरतो, तोच. चांगला आहे म्हणाला, उजेड लांबवर पडतो, दोन्ही हात मोकळे राहतात. फक्त अजून एक पाठव म्हणाला, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायला. वाघ मागून येतो.