‘शेवटची’ मूळ संख्या आणि बँकेचे पासवर्ड

जगातली शेवटची मूळ संख्या सापडली, महासंगणकाने तिला सगळ्या संख्यांनी भागून पाहिलं, आता बँकांचे पासवर्ड कुणाच्या बापाला फुटणार नाहीत, अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातली संख्या तेवढी खरी. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या ‘गिम्प्स’ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात अमेरिकेच्या ल्यूक ड्युरँटला ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. अंक ४,१०,२४,३२०.

‘शेवटची’ म्हणाल, तर तो विषय प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनेच संपवलाय. कितीही मूळ संख्यांची यादी करा, त्यांचा गुणाकार करून १ मिळवा. यादीतल्या कशानेही भागा, बाकी १ उरणारच. म्हणजे या नव्या संख्येचा मूळ अवयव यादीबाहेरचा, आणि यादी कधीच पूर्ण होत नाही. ड्युरँटची संख्या आज माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी आहे, एवढंच.

भागून पाहण्याची गोष्ट तर निव्वळ थाप. वर्गमुळापर्यंतच भागायचं म्हटलं तरी दोन कोटी अंकांपर्यंतचे भाजक येतात. विश्वाचं आयुष्य पुरायचं नाही. इथे वापरतात लुकास-लेमर चाचणी. ३१ वर करून बघा. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा: १४. पुन्हा तेच: १९४, त्याला ३१ ने भागल्यावर बाकी ८. पुन्हा: ६४ वजा २, म्हणजे ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. ड्युरँटच्या संख्येसाठी अशाच १३,६२,७९,८३९ पायऱ्या. महासंगणकही नव्हता, १७ देशांतल्या डेटा सेंटरमधले ग्राफिक्स प्रोसेसर होते. डब्लिनमधल्या एका प्रोसेसरने ती ‘बहुधा मूळ’ ठरवली, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या एकाने लुकास-लेमरने शिक्कामोर्तब केलं.

घातांक मूळ घेतला की झालं, असंही नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि तो २३ × ८९. २ चा घात वजा १ अशा मूळ संख्यांना ज्याचं नाव पडलं, त्या फ्रेंच गणिती मेर्सेनने खुद्द १६४४ मध्ये ६७ हा घातांक अशा संख्यांच्या यादीत घालून चूक केली. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती लुकासने ती संख्या मूळ नाही हे दाखवलं, तेही एकही अवयव न शोधता. अवयव अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये काढले.

राहिले पासवर्ड. आरएसए ही मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालणारी, माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत. तिच्या २०४८ बिटांच्या किल्लीत साधारण तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या लागतात, आणि सगळी भिस्त त्या गुप्त असण्यावर. ही संख्या जगजाहीर. तिचे शेवटचे दोन अंक ५१ आहेत, हे कागदावरही काढता येतं. नुसती साठवायला १७ एमबी जागा खाते. मेर्सेनच्या प्रकारच्या मूळ संख्या आजवर ५२ च माहीत आहेत, त्यामुळे कुणी हौसेने हिची किल्ली बनवलीच, तर चोर पहिला भागाकार हिच्यानेच करेल.