मतदारांपासून लोकशाही कशी वाचवावी?

धर्माच्या नावाने मते मागणारा पक्ष निवडणूक जिंकू लागला, तर आपण घाबरून न जाता आधी कॅलेंडर पाहावे. अल्जीरियाच्या लष्कराने ते नीट पाहिले होते. 26 डिसेंबर 1991 रोजी पहिल्याच फेरीत इस्लामिक सॅल्व्हेशन फ्रंटने निकाल लागलेल्या 231 पैकी 188 जागा जिंकल्या. दुसरी फेरी जानेवारीच्या मध्यावर होती, म्हणजे लोकशाही वाचवायला तीन आठवडे हाताशी होते. तेवढ्यात राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा आला, दुसरी फेरी रद्द झाली, मार्चमध्ये पक्षावर बंदी आली आणि हजारो कार्यकर्त्यांची रवानगी सहारातील छावण्यांत झाली. हे लोक सत्तेवर आले तर पुन्हा निवडणूकच होऊ देणार नाहीत, असा युक्तिवाद होता. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही, कारण त्यांचे नेते अली बेलहाज लोकशाहीला उघडपणे धर्मबाह्य ठरवीत. तेव्हा त्यांनी निवडणूक बंद पाडण्याआधी आपणच ती बंद पाडावी. पुढच्या यादवीत लाखभर माणसे मेल्याचे सांगतात, पण मृतांची नावे मतदारयादीतून वगळतातच.

आपण स्वतःच त्या पक्षाचे असाल, तर सल्ला वेगळा. इजिप्तमध्ये 2012 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मुस्लिम ब्रदरहुड या धार्मिक संघटनेच्या मोहम्मद मोर्सींना 51.7 टक्के मते पडली, तशी आपल्यालाही पडली तर उरलेले 48 टक्के लोक परदेशी गेले आहेत असे समजावे आणि पाच महिन्यांच्या आत आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर असल्याचा हुकूम काढावा. मग आपणच नेमलेले संरक्षणमंत्री अब्देल फतह अल-सिसी आपल्याला उचलतील, कैरोच्या राबा चौकात आपले शेकडो समर्थक मारले जातील आणि कालचे कित्येक उदारमतवादी टाळ्या वाजवतील. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी सिसींना सुमारे 97 टक्के मते मिळाली. हा आकडा थर्मामीटरवरचा असता, तर रुग्ण ठणठणीत आहे म्हणता आले असते.

ट्युनिशियाचा कित्ता मात्र गिरवू नये. तेथे एन्नाहदा हा इस्लामवादी पक्ष 2011 साली 217 पैकी 89 जागा घेऊन पहिला आला, दोन विरोधी नेत्यांच्या हत्यांनंतर रस्ते पेटले तेव्हा वाटाघाटींना बसला, 2014 च्या जानेवारीत तटस्थ मंत्रिमंडळाकडे कारभार सोपवून बाजूला झाला आणि त्याच वर्षीची निवडणूक हरल्यावर निमूटपणे दुसऱ्या क्रमांकावर बसला. असल्या वागण्याने भाकिते करणाऱ्यांची फार पंचाईत होते. ती घटनाशास्त्राचे माजी प्राध्यापक, राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी दूर केली. त्यांनी 2021 मध्ये संसद गोठवली, 2023 मध्ये एन्नाहदाचे नेते राशिद घन्नूशी तुरुंगात गेले आणि 2024 मध्ये सईद यांना 90 टक्क्यांहून अधिक मते पडली. दहापैकी सात मतदार त्या दिवशी घरीच होते.